समोरून लावलेली आग

घळीला इंग्रजीत कॅनियन म्हणतात, हे कुंभ्याच्या वाडीला बंगल्यांच्या स्कीमचा बोर्ड लागला तेव्हा कळलं. तोवर ती नुसती घळ होती. वर शहापूरला जाणारा डांबरी रस्ता, तळाला ओहळ, मधल्या सपाटीवर वाडीची कुडाची घरं आणि वाडीतून रस्त्याला चढणारी एक पायवाट. मग घळीच्या दोन्ही अंगांना, वरच्या कडेने, 'अमृतधारा कॅनियन' आलं. बंगले आले, पोहायचा हौद आला, तारेचं कुंपण आलं. पायवाट बंगल्यांच्या मधून जात होती, ती काही उचलून बाजूला ठेवता येईना. तेव्हा कुंपणाला एक लोखंडी फाटक बसवलं आणि वाडीला सांगितलं, या-जा, पण खाली मान घालून. खाली मान घालून असं कोणी तोंडाने बोललं नव्हतं. पहारेकरी ज्या नजरेने बघायचा त्यातून ते कळायचं.

पूर्वी दिवाळीनंतर घळीच्या दोन्ही उतरणींवरचं गवत वाडीच्या बायका कापायच्या. भारे बांधायचे, डोक्यावरून रस्त्याला न्यायचे, तिथे तबेल्यांचा ट्रक यायचा. स्कीमने ते बंद केलं. उन्हात सोनेरी दिसणारं गवत फोटोत छान येतं, असं त्यांच्या कमिटीचं म्हणणं पडलं. कोणाला काय सुंदर दिसेल ते सांगता येत नाही. फाल्गुनात कंबरेएवढं वाळलेलं गवत बघून वाडीतल्या माणसाला आधी आग दिसते, आणि हे लोक त्याच्यासमोर खुर्च्या टाकून चहा पीत बसायचे.

रत्नाचा नवरा हरेश त्याच स्कीममध्ये माळीकाम करायचा. घरात तिघंच, रत्ना, हरेश आणि हरेशची आई बुधी. हरेश गरीब स्वभावाचा. रत्नाचं तोंड मात्र पार सापगावपर्यंत माहीत होतं. ती बोलायला लागली की हरेश कुदळ उचलून बाहेर जायचा, काम असो नसो.

शिमग्यानंतरचा रविवार होता. दुपार कलली होती. अंगणात मोहाची फुलं वाळत पडली होती आणि बुधी काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसली होती. तिलाच आधी वास आला.

"गो रत्ना, धूर कसला?"

"कोणतरी शेतात पाला जाळून राब भाजत असंल."

"राबाचा नाय हा. गवताचा हाय."

रत्ना घरामागे जाऊन बघते तो उगवतीच्या उतरणीला आग लागलेली. ओहळाच्या काठी मोठा कातळ आहे, स्कीमचे लोक त्याला पॉइंट म्हणतात. तिथून ती वर चढत होती. दिवसा घळीतला वारा खालून वर जातो. आगीने वाडीकडे पाठ केली होती आणि ती सरळ बंगल्यांच्या रोखाने निघाली होती. वाडी त्या दिवशी अंगणात बसून बघत राहिली असती तरी वाडीचं एक पान जळलं नसतं.

पण घळीत आग लागली की असं कोणी बसत नाही. म्हातारा बारक्या कोयता घेऊन जांभळीवर चढला आणि ओल्या फांद्या खाली टाकू लागला. ज्याच्या हाताला आली त्याने फांदी घेतली आणि वाट धरली. शेजारची संगीता भाकरी तव्यावर टाकून आली. बुधीला कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती धापा टाकत सगळ्यांच्या मागे होती.

फाटकाच्या अलीकडे वाट बरीच लांब कुंपणाच्या खालून आडवी जाते. रोजच्या पायांनी ती उघडी, लाल पडलेली. वाटेच्या वरच्या अंगाला कुंपण आणि बंगले, खालच्या अंगाला गवत, आणि त्या गवतातून तडतड करत आग वर येत होती. बंगल्यांच्या गच्च्यांवर माणसं जमली होती. निम्म्यांच्या हातात फोन होते. एक गृहस्थ बागेतला पाइप ओढत आणत होते, तो कुंपणापर्यंत पोचत नव्हता, तरी ते ओढत होते. हरेश आतल्या बाजूने बादल्या भरभरून आणत होता.

"आडवी लाव गो!" बारक्या ओरडला.

"आये, काडेपेटी!" रत्नाने हाक दिली.

बुधीच्या कनवटीला बिडीची काडेपेटी कायम असते. तिने ती फेकली, रत्नाने झेलली आणि वाटेच्या खालच्या कडेने गवताला लावत सुटली. येणाऱ्या आगीच्या पुढचं गवत आपणच आधी जाळून टाकायचं, म्हणजे ती येईपर्यंत तिला खायला काही उरत नाही. वाडीतली सगळीच माणसं आजपर्यंत अशीच आग अडवत आली. रत्ना पुढे लावत गेली आणि बाकीचे वाटेवर उभे राहून, वर उडी मारू बघणारा जाळ फांद्यांनी झोडपत राहिले. भुवया जळल्या, हातांवर फोड आले, संगीताच्या पदराने पेट घेतला तो बारक्याने हाताने चुरून विझवला. मग खालची आणि वरची अशा दोन्ही आगी समोरासमोर आल्या, एकदम उंच झाल्या आणि बसल्या. मागे काळं रान उरलं.

एक पेटता झुबका तेवढा वाट ओलांडून कुंपणाच्या आत पडला होता, अष्टेकर साहेबांच्या बंगल्याच्या लाकडी ओट्याला लागून. अष्टेकर साहेब म्हणजे कमिटीचे चेअरमन. बुधी तारेखालून सरपटत आत गेली आणि तो झुबका पायाने तुडवून विझवला. चप्पल वाटेत कुठेतरी राहिली होती. खाली पेटलेलं खोड होतं, ते तिला दिसलं नाही. तुडवून झाल्यावर ती पाऊल दोन्ही हातांत धरून तिथेच बसली.

अष्टेकर साहेब गच्चीवरून खाली आले. चेहरा पांढराफटक पडला होता. कुंपणापलीकडे काजळी फासलेली, खोकणारी माणसं बघून त्यांनी विचारलं, "इथे आग कोणी लावली?"

"मी," रत्ना बोलली.

आणि बोलताना तिने मान वर केली होती. वाडीत आड आग कोणी लावली असं विचारतात ते शाबासकी द्यायला. योग्य जागी, योग्य वेळी लावली तर वर्षभर तुझं नाव घेतात. तिला वाटलं हा माणूस तेच विचारतोय. तीन-तीनदा सांगते ती, मी लावली, माझ्या हातची हाय. साहेबांनी मागे वळून बघितलं. मागे प्रज्वल फोन धरून उभा होता.

प्रज्वल सापगावचा. आधी वाशिंदला कंपनीत जायचा, ते सुटल्यावर त्याने फोनवर बातम्या द्यायला सुरुवात केली. 'कॅनियन वार्ता' त्याचीच. स्कीममध्ये कोणाचं मांजर हरवलं, टँकर कधी येणार, बिबट्या दिसला का, हुरडा पार्टी कुठे, सगळं त्यात. वाडीची बातमी त्यात कधी नसायची. वाडीत मांजरं हरवत नसतील.

सोमवारी उजाडताच संगीता फोन घेऊन आली.

"रत्ना, तू आलीस गो बातमीत."

रत्ना हसतच उठली. मग बघितलं. गच्चीवरून काढलेला व्हिडिओ होता. एक बाई काडेपेटी घेऊन कुंपणाखालच्या गवताला आग लावत पळतेय. खालून चढणारी आग त्यात नव्हती. झोडपणारी माणसं नव्हती. मग साहेबांचा आवाज, इथे आग कोणी लावली, आणि रत्नाचं वर केलेलं तोंड, मी. खाली लाल अक्षरांत, 'कॅनियनला आग लावणारी महिला कॅमेऱ्यात कैद'. त्याच्याखाली लोकांनी लिहिलेलं संगीताने वाचून दाखवलं. पोलिसात द्या. यांना आत सोडताच कशाला. हे लोक शिकारीसाठी जंगलं जाळतात. एका बाईने हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलं होतं, आपण थोडक्यात वाचलो, देवाची कृपा.

"देवाची?" रत्ना बोलली. तिने संगीताला ते परत वाचायला लावलं.

त्याच सकाळी फाटकाला कुलूप पडलं.

बुधीचा पाय रात्रीतून सुजून टम्म झाला होता. तळव्याची कातडी सुटली होती आणि मधे काळं पडलं होतं. शहापूरला सरकारी दवाखान्यात नेल्याशिवाय इलाज नव्हता. रत्ना आणि हरेश तिला दोन्हीकडून धरून फाटकापर्यंत आले. पहारेकऱ्याने हरेशकडे बघितलं.

"तू ये. कामवाल्यांना सोडायचं बोललेत."

"आयला न्यायचंय. पाय बघा तिचा."

"ऑर्डर नाही."

"अरे, तुमचंच घर वाचवताना भाजली ती," रत्ना बोलली. "साहेबांच्या ओट्यापाशी. बोलव तुझ्या साहेबाला."

"साहेब काल रात्रीच ठाण्याला गेले. आणि तू आवाज खाली कर, तुझ्यावर आधीच कंप्लेंट आहे."

हरेश फाटकात उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर. मग बोलला, "कामाला नाय गेलो तर खाडा पडंल. तुमी ओहळातून जा, मी दुपारी येतो." आणि आत गेला. फाटक लागलं. रत्नाने त्याच्या पाठीकडे बघितलं, ते बघणं त्याला पाठीतून कळलं असणार, कारण तो भरभर चालायला लागला.

ओहळाची वाट म्हणजे वाट नव्हेच. पाणी आटल्यावर उघडे पडलेले धोंडे, एकावरून दुसऱ्यावर जायचं, मधेमधे शेवाळलेली डबकी. अशी घळ उतरत जायचं तेव्हा पार खाली सापगावचा रस्ता लागतो. गोधडीची झोळी करून ती बांबूला बांधली. पुढे बारक्या, मागे रत्ना. उतरताना सगळं वजन पुढच्यावर येतं म्हणून बारक्याच्या खांद्याला संगीताने आधार दिला. म्हातारा धोंड्यावरून घसरला की झोळी हिंदकळायची आणि बुधीचा पाय बांबूवर आपटायचा. ती ओरडत नव्हती. दात आवळून वर बघत होती. वर घळीच्या कडेला बंगल्यांच्या काचा उन्हात चमकत होत्या.

"ओरड गो आये," रत्ना रडकुंडीला येऊन बोलली. "मोठ्यानं ओरड. ऐकू जाऊ दे त्यांना."

"कशाला?" बुधी बोलली. "घसा सुकंल."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली तेव्हा मात्र म्हातारी ओरडली. बाई तरुण होत्या, चिडल्याही. "इतका उशीर का केलात? रोज ड्रेसिंगला आणायचं. एक दिवस चुकवायचा नाही. साखर आहे त्यांना, माहीत होतं का? पाय काळा पडत गेला तर कापावा लागेल, मग मला सांगू नका."

"भरती करून घ्या."

"खाट रिकामी नाही. रोज आणा."

रोज आणा. रत्नाने त्या घळीचे धोंडे डोळ्यांसमोर आणले आणि हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा झोळी. तिसऱ्या दिवशी बारक्याचा खांदा सोलून निघाला, त्याच्या जागी दुसरा लागला. वाडीची कामं पडून राहिली. मोहाची फुलं झाडाखाली कुजली, कारण पहाटे वेचायला माणूस नव्हता. राबासाठी गोळा केलेला पालापाचोळा तसाच पडून राहिला, शेतावर पसरायचा होता. बाजारला कच्ची करवंदं न्यायच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन फाटकापर्यंत जायच्या, कुलूप बघून परत यायच्या. त्या रत्नाला काही बोलायच्या नाहीत. पण बोलायच्या नाहीत हेच तिला जास्त लागत होतं.

हरेश रोज फाटकातून आत जायचा आणि संध्याकाळी फाटकातून खाली यायचा. जेवायचा नाही धड. चौथ्या दिवशी त्याने बुधीच्या पायाचा वास घेतला, अंगणात जाऊन बसला, आणि रत्ना भांडी घासत होती तिथे येऊन बोलला, "मी लाकडं नेली होती."

"कसली लाकडं?"

"शनवारी. भाविकनी सांगितलेलं. साहेबांचा पुतण्या. त्याचे दोस्त आलेले, कातळावर शेकोटी करायची बोलले. मी भारा टाकून आलो. उठताना विझवाल ना, असं विचारलं मी. तर बोलला, जा रे, शिकवू नको."

रत्नाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"म्हंजे रविवारच्या वाऱ्यानं तीच राख उडाली."

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

"आय तुझी कुजतेय, मला लोक आग लावणारी बोलतात, बारक्याकाकाचा खांदा फाटला, आणि तू चार दिवस तिथं गुलाबाला पाणी घालतोस?"

"मी बोललो तर मला काढतील. आणि बोललो तरी कोण खरं मानंल? उलट लाकडं यानंच नेली, यानंच लावली, असं करतील."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच तिचं डोकं जास्त फिरलं. तिने पातेलं कुडावर फेकून मारलं. कूड खचला, आतून बुधी बोलली, "माझ्या घराला कशाला मारतेस? ज्याला मारायचं त्याला मार." पण मारायचं कोणाला? समोर हरेश होता, त्याची मान खाली होती, आणि त्याच्या मानेवर मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर तिला प्रज्वल भेटला. चहाच्या टपरीवर उभा होता. तिला बघून तो मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला, रत्नाने गाडीच्या पुढे येऊन हँडल धरलं.

"सगळा व्हिडिओ हाय ना तुझ्याकडं?"

"कोणता, ताई?"

"ताई नको बोलू. खालून आग येत होती ती तू काढलीस. मी बघितलंय, तू आमच्या आधीपासून गच्चीवर होतास. ते का नाय टाकलंस?"

प्रज्वलने इकडेतिकडे बघितलं. "आवाज नको करू ना. त्यांनी सांगितलं तेवढंच टाकायचं. वार्ता माझी नाय, त्यांची हाय. मी फक्त चालवतो. पूर्ण टाकला तर विचारणार, खालची आग कोणाची? मग साहेबांच्या घरात जाते ती गोष्ट. मला पण घरदार हाय."

"म्हंजे तुला पण माहीत हाय शेकोटी कोणाची."

त्याने किल्ली गाडीला लावली.

"तुझी आय आणि मी एका बांधावर लावणी केलीय रे. तिच्या डब्यातली चटणी खाल्लीय मी. आमची आये तिथं आत बसलीय, तिचा पाय जाऊन बघ. काढ त्याचा व्हिडिओ."

"एक सांगू? ऐकशील?" प्रज्वल हळू आवाजात बोलला. "पाडव्याला स्कीममध्ये कार्यक्रम हाय. साहेब बोललेत, त्या बाईने सगळ्यांसमोर माफी मागितली तर फाटक उघडतो, विषय संपला. मी हरेशला सांगणारच होतो. दोन शब्द बोल, मी चांगलं कव्हर करतो. तुझंच भलं हाय."

रत्नाने हँडल सोडलं. त्याच्या तोंडावर थुंकावं असं तिला इतकं वाटलं की तिने तोंडावर पदर दाबून धरला.

घरी आल्यावर तिने बुधीला सांगितलं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, पाय उशीवर.

"नको मागू," बुधी बोलली. "मरायचं तर इथं मरंन. माझ्या एका पायासाठी तू त्यांच्यासमोर तोंड पाडू नको. लाज काढतील आणि वरती टाळ्या वाजवतील."

"एका पायाचं नाय आये. सगळी वाडी अडकलीय."

"मग तुझं तू बघ. पण खोटं नको बोलू. आग तू लावलीस ती चांगल्यासाठी लावलीस, त्याची माफी कशी मागतात ते मला नाय माहीत."

रत्नालाही माहीत नव्हतं. दोन दिवस झोळीचा बांबू खांद्यावर घेऊन उतरताना ती तेच मनात घोळवत राहिली. ड्रेसिंग करताना डॉक्टरीणबाई आता रागावत नव्हत्या, पट्टी बांधून झाली की पुढच्या पेशंटला हाक मारायच्या. बोटांच्या वरही काळं सरकलं होतं.

रत्नाने हरेशकरवी हो कळवलं आणि पाडव्याच्या सकाळी कुलूप काढलं. कार्यक्रमापुरतं. वाडीतली जी येतील ती माणसं येऊ देत, असा निरोप होता, म्हणजे माफी मागताना मागे गर्दी दिसेल. रत्ना, हरेश, संगीता, बारक्या आणि आणखी काही जण वर चढले. बुधीला रत्नाने पाठीवर घेतलं होतं, कार्यक्रम संपला की तसंच रस्त्याला नेऊन शहापूरची जीप पकडायची.

हौदाशेजारी मांडव होता. बंगल्याबंगल्यावर गुढ्या उभ्या होत्या. बायकांनी नऊवाऱ्या नेसल्या होत्या, त्यांच्या नथी चमकत होत्या, पुरुषांच्या डोक्यावर फेटे. कोणीतरी चुलीवरच्या भाकऱ्यांचा स्टॉल लावला होता आणि भाकऱ्या थापायला वाशिंदहून बाई आणली होती. वाडीच्या माणसांना चपला काढल्या होत्या तिथे उभं केलं. बुधीला बसायला रत्नाने खुर्ची मागितली. खुर्च्या मोजून आणल्या आहेत असं उत्तर आलं. मग बुधी चपलांच्या शेजारी फरशीवर बसली.

अष्टेकर साहेब बोलायला उठले. निसर्ग, सहजीवन, आपले आदिवासी बांधव, असं बरंच काही बोलले. "चूक माणसाकडून होते. कॅनियन हे एक कुटुंब आहे आणि कुटुंबात क्षमा असते. आज आपण मोठं मन दाखवणार आहोत." प्रज्वल फोन धरून पुढे आला. कोणीतरी रत्नाच्या हातात माइक दिला.

तिने माइक तोंडाजवळ धरला. समोर सगळे हसऱ्या तोंडाने तिच्याकडे बघत होते. शाळेच्या गॅदरिंगला पोरांना बघायला बसलेल्या आयांसारखे. ती कधी रडते याची ते वाट बघत होते.

"आग मी लावली," रत्ना बोलली. "खोटं नाय. खालून दुसरी येत होती, ती मी नाय लावली, ती कोणी लावली ते इथं बसलेल्यांना माहीत हाय. ती तुमच्या घरांवर चालली होती. तिच्यापुढचं गवत मी जाळलं म्हणून ती थांबली. आमच्यात असंच करतात. तुमाला नाय आवडलं."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्यांनी माइकवाल्याकडे बघितलं. मांडवात कुजबुज झाली. रत्नाला घाई झाली, माइक जाण्याआधी उरलेलं बोलायचं होतं.

"तर मी सगळ्यांसमोर शब्द देते. तुमच्या कुंपणाखाली मी परत कधी आग लावणार नाय. वाडीतलं कोणी लावणार नाय. वाटेवर फांदी घेऊन कोणी येणार नाय."

टाळ्या सुरू झाल्या. आधी पुढच्या रांगेत, मग सगळीकडे. 'कधी आग लावणार नाय' एवढंच त्यांना हवं होतं, तेवढं त्यांनी उचललं.

"खालून आग आली, तर येऊ दे," रत्ना बोलत होती. "आमी घरी बसू. आये, बारक्याकाका, सगळी वाडी घरी बसू."

टाळ्यांत ते कोणी ऐकलं नाही. साहेबांनी ऐकलं. त्यांचे हात टाळी वाजवता वाजवता थांबले आणि ते क्षणभर रत्नाकडे बघत राहिले. मग कोणीतरी त्यांना श्रीखंड घ्यायला बोलावलं. प्रज्वलने फोन खाली केला. संध्याकाळच्या वार्तेत 'महिलेने मागितली माफी, कॅनियनचं मोठं मन' एवढंच आलं.

फाटक उघडंच ठेवायचं ठरलं. पहारेकऱ्याने कुलूप खिशात टाकलं. वाडीची माणसं एकेक करून निघाली. बारक्या जाताना फाटकापाशी थांबला आणि मावळतीच्या उतरणीकडे बघत राहिला. त्या बाजूला आग गेलीच नव्हती. कातळाच्या पलीकडून थेट वरच्या बंगल्यांच्या कुंपणापर्यंत गवत उभं होतं, पिवळं, कंबरेएवढं, वाऱ्याने सळसळत. आड आग लावायला त्या बाजूला वाटही नव्हती.

रत्ना बुधीला पाठीवर घ्यायला वाकली तेव्हा भाविक तिथे आला. कुर्ता घातलेला, हातात श्रीखंडाची वाटी. त्याने हरेशच्या खांद्यावर थाप मारली.

"हरेश, आज मित्र येतायत. संध्याकाळी पॉइंटवर लाकडं टाक रे. या वेळी पलीकडच्या बाजूला, इकडे सगळं काळं झालंय, फोटो येत नाहीत."

हरेशने रत्नाकडे बघितलं. लग्न झाल्यापासून त्याने तिच्याकडे असं कधी बघितलं नसेल, विचारल्यासारखं.

बुधी तिच्या पाठीवर होती. पायाच्या पट्टीतून वास येत होता. रत्नाने पदराने म्हातारीला कमरेशी घट्ट बांधलं आणि सरळ उभी राहिली.

"टाक," ती बोलली. "चांगली सुकी बघून टाक."

आणि उघड्या फाटकाकडे पाठ करून, बंगल्यांच्या मधल्या वाटेने, ती रस्त्याकडे चालायला लागली. शहापूरची जीप सुटायची वेळ झाली होती.